कमालच्या भुवईचं टचिंग

रावजी गोताडला माणसाचं तोंड दिसलं की त्यात शिरल्याशिवाय चैन पडायची नाही. रत्नागिरीच्या बाजारपेठेत एका फोटो स्टुडिओत तो टचिंगचं काम करायचा. म्हणजे निगेटिव्ह उजेडावर धरायची, टोकदार पेन्सिलनं मुरमं, सुरकुत्या, देवीचे व्रण भरून काढायचे, आणि पेन्सिलनं जमत नाही ते ब्लेडच्या टोकानं अलगद खरवडायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. केस पांढरे, दात काळे. अर्धी रत्नागिरी त्याला अशी उलटीच पाठ होती. रस्त्यात कुणी हाक मारली की हा बावळटासारखा बघत राहायचा, आणि मग एकदम ओळख पटून कपाळाला हात लावायचा.

वर तोंडं वाचायची खोड. लोक स्थळांचे फोटो घेऊन त्याच्याकडे यायचे आणि हाही नाही म्हणायचा नाही. ह्याच्या ओठांच्या कडा बघा, हा ताटात अन्न टाकणारा. हिच्या हनुवटीत जोर आहे, घर सांभाळील. बरं, सगळं खरं ठरायचं म्हणता? छे! समोरच्या किराणावाल्याच्या होणाऱ्या जावयाला ह्यानं गरीब गाय ठरवलं, आणि तो गडी वर्षाच्या आत अख्ख्या वाडीशी भांडून बसला. तरी लोक यायचेच. बायको चिमा म्हणायची, माझं तोंड नीट वाचलं असतं तर ह्यांनी लग्नच केलं नसतं. रावजी हसायचा. एकंदरीत सुखी माणूस.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा आखातात जायची नुसती झुंबड उडाली होती आणि पासपोर्टच्या फोटोंना स्टुडिओत रांग लागायची. शेठचा नियम साधा होता. लग्नाच्या फोटोला हवं तेवढं टचिंग कर, पासपोर्टच्या फोटोला बोट लावायचं नाही. रावजीला हे फार जड जायचं, पण पाळायचा बिचारा.

एके दिवशी मिरकरवाड्याची रहिमाबी मुलाला, कमालला, घेऊन आली. नवरा वारलेला, हा एकुलता एक. कुवेतला त्याची नोकरी ठरली होती. मासेमारीच्या लाँचवर असताना एकदा तुटलेला दोर सपकन त्याच्या तोंडावर बसला होता. त्याचा काळपट व्रण डाव्या भुवईचे दोन तुकडे करून गालावर उतरला होता. कमालला त्याचं काही नव्हतं. रहिमाबीला होतं, कारण त्या दिवशी त्याला जायचं नव्हतं आणि हिनंच रागावून पाठवला होता. फोटो काढून झाला, कमाल बाहेर गेला, तशी ती मागे रेंगाळली.

"रावजीभाऊ, ह्यातलाच एक मोठा करून द्या, घरात लावायला," ती म्हणाली. "आणि तेवढं ते दिसू देऊ नका. तो गेल्यावर रोज बघायचं म्हणजे मला तेच दिसणार."

आता निगेटिव्ह एकच होती. शहाण्या माणसानं आधी पासपोर्टच्या प्रती काढून घेतल्या असत्या आणि मग टचिंगला हात घातला असता. पण रावजीचा जीव कळवळला आणि हात शिवशिवायला लागले, मग कसलं शहाणपण! शेठ त्या दिवशी गणपतीपुळ्याला गेला होता. जेवण विसरून रावजी बसला. गालावरचा व्रण त्यानं पेन्सिलनं भरला, भुवईतली फट ब्लेडनं केस केस खरवडून जोडली. आणि खरवडलेली निगेटिव्ह काही पहिल्यासारखी होत नाही. मग त्याच निगेटिव्हवरून त्यानं मोठा फोटो काढला आणि त्याच्याच जोडीला पासपोर्टचेही काढून मोकळा झाला. रहिमाबीनं फोटो बघितला आणि तिला रडू फुटलं. रावजीचेही डोळे भरून आले. पासपोर्टच्या फोटोंत काही चुकलंय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. आईच्या तर कसं येणार, तिला मुलगा तसाच दिसत होता.

लक्षात आलं ते मुंबईच्या एजंटाच्या. पासपोर्ट आला, व्हिसा लागला, तिकीट निघालं, आणि कमालला समोर बघून एजंट विचारता झाला, की फोटोतला हा कोण? विमानतळावरचा साहेब फोटो आणि तोंड ताडून बघतो, म्हणाला, परत पाठवील. नवा पासपोर्ट काढायला महिने जाणार आणि तोवर नोकरी दुसऱ्याला जाणार. कमाल तसाच एसटी पकडून रत्नागिरीला परत आला.

शेठनं रावजीला असा झापला की शेजारचा पानवाला डोकावून गेला. रहिमाबी बाकावर बसून राहिली. कमाल उलट रावजीचीच समजूत घालत होता, की जाऊ दे काका, लाँच आहेच. पोराचं नशीब आपल्या दोन बोटांनी खरवडून टाकलं, असं रावजीला वाटलं.

मग तो एकदम उभा राहिला. "फोटो आता बदलता येत नाही," तो म्हणाला. "तोंड बदलू."

शिमग्यात गावाला नमनाच्या खेळात गवळणींची तोंडं रंगवायची, हे काम रावजीचंच. झुपकेदार मिशांचे शेतकरी मिशी काढून ह्याच्यासमोर बसायचे आणि अशा गवळणी होऊन उठायचे की घरची पोरंसुद्धा ओळखायची नाहीत. तीच रंगाची पेटी काखोटीला मारून तो कमालबरोबर मुंबईला निघाला. डोंगरीला मिरकरवाड्याच्या जमातीनं गाववाल्यांसाठी ठेवलेल्या खोलीत दोघं उतरले. विमानाच्या दिवशी सकाळी रावजीनं कमालला खिडकीशी बसवलं. खोबरेल लावून सफेदा आणि गेरू कालवून त्याच्या कातडीचा रंग बरोबर आणला, व्रण बुजवला, काजळानं भुवई जोडली. खोलीतली माणसं भोवती गोळा होऊन तोंडात बोटं घालत होती. मग ह्याच्या सूचना सुरू झाल्या. हसू नकोस, तोंडाला हात लावू नकोस, घाम येऊ देऊ नकोस. घाम येऊ देऊ नकोस म्हणे! मुंबईत, मे महिन्यात!

सहार विमानतळावर कमाल आत गेला आणि रावजी बाहेर कठड्याला धरून उभा राहिला. दार उघडलं की त्याला वाटायचं, आला परत. विमानाची वेळ टळली, उन्हं कलली, कमाल काही बाहेर आला नाही. तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला आणि भूक लागल्याचं कळलं.

रत्नागिरीला आला तो छाती काढूनच. पुढं दोन वर्षं ही गोष्ट त्यानं कुणाकुणाला सांगितली नाही विचारा! दर वेळी साहेबाच्या मिशा वाढायच्या, दर वेळी साहेब फोटोवर भिंग धरायचा. सरकारच्या डोळ्यांत रंग घालणारा माणूस आहे मी, म्हणायचा. मिरकरवाड्याहून रहिमाबीकडची सुरमई नाहीतर बांगडे घरी यायला लागले होते, आणि ते चिमानं रांधले की जेवताना पुन्हा तीच गोष्ट.

दोन वर्षांनी कमाल सुट्टीवर आला. अंगानं भरला होता, रावजीसाठी अत्तर घेऊन आला. रावजीला काय, आयता साक्षीदार मिळाला. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांना त्यानं गोष्ट सुरुवातीपासून ऐकवली. कमाल मान खाली घालून ऐकत राहिला. गिऱ्हाइकं गेल्यावर त्यानं हळूच सांगितलं.

"काका, रांगेतच रंग ओघळला. साहेबासमोर पोचलो तेव्हा भुवई गालावर आली होती. त्यानं स्वतःचा रुमाल दिला, म्हणाला, पूस आधी. मी खरं ते सांगितलं, आईसाठी फोटोतून काढलं म्हणून. त्यानं फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, परत फोटो बघितला. म्हणाला, कान तुझेच आहेत. जा."

रावजी मटकन खाली बसला. उभ्या जन्मात त्यानं कुणाच्या कानाला पेन्सिल लावली नव्हती. सगळी तोंडं चाळून काढली आणि कान तेवढे राहिले! आधी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग दोन वर्षांच्या बढाया एकेक आठवून असं हसू लोटलं की कमालही हसत सुटला. हसणं ओसरल्यावर रावजीनं विचारलं, आईला ठाऊक आहे का. कमाल म्हणाला, पहिल्याच महिन्यात शेजारच्यांच्या फोनवर मी सगळं सांगितलं तिला.

म्हणजे ती दोन वर्षं सगळं जाणून मासे पाठवत होती. रावजी स्टुडिओ तसाच टाकून मिरकरवाड्याला गेला. रहिमाबी दारात मासे साफ करत होती. तो उभ्या उभ्याच म्हणाला, की रहिमाबाय, माझ्या रंगानं काही झालं नाही, नसत्या माशांचं ओझं कशाला चढवलंस माझ्यावर.

रहिमाबीनं सुरी खाली ठेवली. "रंगानं नाही गेला, ठाऊक आहे मला. पण माझ्या पोराला विमानापर्यंत पोचवायला कोण गेलं होतं? त्याला बाप नव्हता, भाऊ."

रावजी तिथंच पायरीवर बसला आणि खुशाल रडला. रहिमाबीनं हात धुतले आणि चहा टाकायला आत गेली.