महिपतीचं ‘आता हूँ’

आमच्या आणि कुबलांच्या संसारात फक्त एक जिप्समची भिंत आहे. इथे कतारच्या अल वक्राला घरमालक एका व्हिलाचे पाच तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला ‘वन बीएचके’ म्हणतात. त्यामुळे पलीकडे कुकरची शिट्टी झाली की अलीकडे आमचे श्यामराव ताट घेऊन बसतात. महिपती कुबल या माणसाबद्दल मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या भिंतीतून आलेलं आहे. मला लोक भोचक म्हणतात. म्हणोत. भिंत पातळ असली म्हणून माणसानं कान काढून खुंटीला टांगायचे का?

महिपती वेंगुर्ल्याजवळच्या निवतीचा. आज्याची होडी, बापाची होडी, आणि हा पठ्ठ्या अख्खा अरबी समुद्र ओलांडून कतारला आला तो पुन्हा होडीतच बसायला. मी म्हणायचे, “भाऊजी, खारं पाणीच बघायचं होतं तर घरच्या ओसरीवरून दिसत नव्हतं का?” तो म्हणायचा, “वहिनी, थंयच्या पाण्याक पगार नाय.” व्हिसावर त्याचा हुद्दा ‘वॉटर स्पोर्ट्स सुपरव्हायझर’. त्या मोठ्या नावामुळेच बायको मीनाला आणता आलं. प्रत्यक्षात काम एकच. वक्राच्या खाली, वाळूच्या टेकड्या सुरू व्हायच्या अलीकडे एक रिसॉर्ट आहे, तिथल्या पाहुण्यांना मासे पकडून द्यायचे.

‘पकडून द्यायचे’ हे मी मुद्दाम लिहितेय. उन्हाळ्यात हे रिसॉर्ट स्वस्त होतं. बाहेर उन्हानं माणूस पापडासारखा भाजून निघतो, म्हणून कंपन्यांचे इंजिनियर, बँकांतली मंडळी, कुवेतहून आलेली कुटुंबं, सगळी पहाटे नाहीतर सूर्य उतरल्यावर होडीत बसतात. यांच्यातल्या निम्म्यांनी मासा फक्त ताटात पाहिलेला, आणि आमच्या पुण्याच्या मंडळींनी तर तिथेही नाही. त्यांच्या हातून काय गळाला लागणार? महिपती दोरी स्वतःच्या बोटावर धरून बसायचा. खाली माशानं तोंड लावलं की त्याला कळायचं. मग चेहरा कोरा ठेवून तो शेजारच्या पाहुण्याला म्हणायचा, “सर, लाइन अटक गया लगता है. जरा पकडो, मैं देखता हूँ.” सर दोरी धरायचे, आणि खालून हिसका बसला की बोंब मारायचे. होडीभर टाळ्या. फोटो. सरांनी हामूर मासा मारला.

आमच्या दिवाणखान्यात असा एक फोटो फ्रेम करून लावलेला आहे. श्यामराव, डोक्यावर कंपनीची टोपी, हातात हातभर हामूर. फोटोच्या कोपऱ्यात माशाची शेपटी सावरणारा एक काळा, खरखरीत पंजा दिसतो, तो महिपतीचा. श्यामराव पाहुण्यांना सांगतात, “कसला जोर होता त्याला.” मी आतून विचारते, “कुणाला, माशाला की भाऊजींना?” दोह्यात, नाशकात, कुवेतमध्ये अशा कितीतरी भिंतींवर तो पंजा लटकत असेल. पण इतक्या वर्षांत त्याच्या स्वतःच्या नावावर एक मासा नाही. स्टाफनं आपली दोरी टाकायची नाही, असा रिसॉर्टचा नियम होता.

होडी चालवायचा रहमान. चितगावचा म्हातारा, दाढीला मेंदी, बोलणं कमी. पाहुणे त्याला अरबीत ‘नोखदा’ म्हणायचे, म्हणजे होडीचा कप्तान. महिपतीला त्या शब्दाचं भारी कौतुक, कारण त्याच्या गावी होडीच्या मालकाला ‘नाखवा’ म्हणतात. “बघा वहिनी, एकाच आवशीचे दोन झिल.” हे दोघंही तसेच, एका आईच्या लेकांसारखे झाले होते. हिंदी दोघांचंही अर्धंमुर्धं, पण समुद्रावर फार बोलावं लागत नाही म्हणतात.

त्या हिंदीची एक गंमत रिसॉर्टभर माहीत होती. आपल्यात घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. अशुभ. ‘येतो’ म्हणायचं, मग मागच्यानं ‘या’ म्हणायचं. महिपती कामाला लागला त्याच आठवड्यात, संध्याकाळी धक्क्यावरून निघताना रहमानला म्हणाला, “अच्छा चाचा, आता हूँ,” आणि आपला घरी आला. रहमाननं त्याच्यासाठी चहा केला होता. तो बसला वाट पाहत. चहा गार झाला, पुन्हा गरम केला, पुन्हा गार झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, “आता हूँ बोला, किधर गया था?” महिपतीनं समजावलं तेव्हा म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा दात दाखवून हसला असावा. तेव्हापासून रोज संध्याकाळी महिपती म्हणणार, “आता हूँ,” आणि रहमान म्हणणार, “मतलब कल.” आणि उद्या महिपती हजर. ताप असो, वाळूचं वादळ असो, मीनाचा वाढदिवस असो. यावरून मीनाचे टोमणे मी भिंतीतून पाठ केलेत.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ यायला लागला तसं वक्राचं रूप पालटलं. आमच्या खिडकीतून स्टेडियम दिसायचं. सगळे म्हणायचे शिडासारखं आहे, गलबतासारखं आहे. महिपती गॅलरीत उभा राहून म्हणाला, “माका तर पालथी होडी दिसता. पाऊस लागलो की ओढून पालथी घालतत, तशी.” मी म्हटलं, “भाऊजी, जगाची मॅच आहे, तुम्ही सीझन संपवायला निघालात.”

माझं तोंड आणि त्याचा सीझन. कपाच्या वर्षीच्या ईदनंतर खरंच निरोप आला. रिसॉर्टचा जुना लाकडी धक्का काढणार, तिथे कपाच्या पाहुण्यांसाठी नवा बांधणार. जुनी होडी ट्रकवर चढणार. तिच्या जागी पांढरी शुभ्र यॉट, तिच्यावर पांढरे बूट घातलेला स्टाफ. रहमानचं वय झालेलं, त्याला घरी पाठवणार होते. यॉटवर कोण राहणार ते दोह्यातल्या एका ट्रेनिंगवर ठरणार होतं. पाहुण्यांशी हसायचं कसं, टॉवेल द्यायचा कसा, असलं काहीतरी. जो येईल तो राहील, जो येणार नाही त्याचा व्हिसा खलास.

रहमाननं मात्र त्या गडबडीत एक गोष्ट साधली. समुद्रातल्या खडकांवर रिसॉर्टचे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे खुणेचे गोळे, बांधलेले होते, ते होडी ट्रकवर जायच्या आधी कुणीतरी सोडवून आणायला हवे होते. ‘मी आणि महीपत जातो,’ त्यानं मॅनेजरला सांगितलं, आणि मॅनेजर हो म्हणाला. होडीत पाहुणा नाही, नियम सांगायला कुणी नाही. रहमाननं दोन नव्या दोऱ्या विकत आणल्या. एक स्वतःची, एक महिपतीची. महिपती त्या संध्याकाळी घरी आला तो असा काही बोलत होता की मला टीव्हीचा आवाज बंद करावा लागला. कुठला खडक, किती पाणी, आमिषाला म्हाकूल लावायचं की कोळंबी. मीना म्हणाली, “लग्नाच्या येळाक इतके खुशी नव्हतास.”

मग ट्रेनिंगचा मेसेज आला. बोये सोडवायला जायची होती, तीच सकाळ.

 भिंतीपलीकडे मीना म्हणाली, “जावक तर होयाच. पण रहमानचाचांक सांगलास?”

“सांगतंय.”

“कधी?”

“सांगतंय म्हटलंय ना.”

“ट्रेनिंगाक त्यांका बोलवक नाय, ताच सांगूक जीभ उचलणा नाय ना तुमची?”

 नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

होडीची शेवटची पाहुण्यांची फेरी आदल्या संध्याकाळी होती, आणि त्यात आम्ही होतो. श्यामरावांना उन्हाळी ऑफर म्हटलं की राहवत नाही. श्यामराव अर्ध्या वाटेतच हिरवे पडले, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि डोळा ठेवला महिपतीवर. म्हटलं, आता सांगेल. नांगर टाकला, आता सांगेल. एका कुवेती बाईच्या हातात दोरी देऊन त्यानं तिच्याकडून झकास शेरी मासा ‘पकडवला’, टाळ्या झाल्या, फोटो झाला, आता सांगेल. रहमान सुकाणूवरून त्याच्याकडे बघून मधूनच भुवया उडवत होता, उद्याच्या आठवणीनं. महिपती प्रत्येक वेळी दुसरीकडे बघायचा. मी एवढी बोलकी बाई, पण त्या दोघांच्या मधे बोलायला मला जागा नव्हती.

धक्क्यावर उतरलो. पाहुणे पांगले. रहमान होडीच्या तळात म्हाकूल चिरून बर्फात ठेवत होता, उद्याचं आमिष. वर न बघता म्हणाला, “कल फजर की नमाज के बाद. अपने लिए, महीपत.”

महिपती उभा राहिला. तोंड उघडलं.  आणि बाहेर काय पडलं तर रोजचंच.

“अच्छा चाचा. आता हूँ.”

“मतलब कल,” रहमान म्हणाला, आणि हसला.

महिपतीनं ते तसंच राहू दिलं.

गाडीत तो आमच्याच बरोबर होता. वक्रा येईपर्यंत तो काचेला डोकं टेकून होता. श्यामराव त्याला म्हणाले, “काय कुबल, तुम्हालाही समुद्र लागला वाटतं.” तो म्हणाला, “होय.”

सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून मेट्रोनं दोह्याला गेला. टॉवेल द्यायला शिकला, पास झाला. दुपारी परस्पर रिसॉर्टवर पोचला तर धक्क्याच्या अर्ध्या फळ्या उचकटलेल्या आणि होडी ट्रकवर. गेटवरच्या नेपाळी सिक्युरिटीवाल्यानं सांगितलं, म्हातारा उजाडायच्या आधीपासून होडीत बसून होता. मॅनेजर दोनदा येऊन म्हणाला, यल्ला, चल, एकटा जा, बोये सोडव आणि ये. म्हातारा म्हणाला, महीपत आता है. ऊन चढलं. म्हाकलाचा बर्फ विरघळला. शेवटी क्रेन आली तेव्हा तो उठला, आमिष पाण्यात ओतलं आणि दोन्ही दोऱ्या गुंडाळून गेटवर ठेवून गेला. बोये नंतर दुसऱ्याच कुणीतरी जेट स्कीवर जाऊन सोडवले.

त्या दोऱ्या महिपती घेऊन आला. नव्या कोऱ्या, दोन्हीही. मीनानं विचारलं, “तो एकटो तरी गेलो?” तो म्हणाला, “नाय.”

रहमानचं विमान त्याच रात्रीचं होतं. चार दिवसांनी महिपतीनं धीर करून चितगावला फोन लावला. स्पीकरवर लावला होता, म्हणजे मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. आधी तब्येत, पाऊस, सून, नातू. मग महिपती म्हणाला, “चाचा, उस दिन मेरा ट्रेनिंग था. मेरेको पहले से मालूम था.”

 पलीकडून रहमानचा आवाज आला, अगदी साधा, न रागावलेला. “ऐसा क्या. मेरे को लगा तुझे कुछ हो गया. तू आता हूँ बोलके कभी नहीं आया, ऐसा हुआ नहीं ना, इसलिए बैठा.” मग म्हणाला, “पास हुआ?”

“हुआ.”

“शुक्र अल्ला का.”

फोन ठेवताना महिपतीला काहीच म्हणता आलं नाही. ‘आता हूँ’शिवाय दुसरा शब्द त्याच्याकडे नव्हता, आणि तो तर त्यानं संपवला होता. रहमाननंच फोन ठेवला.

मीना जेवायला वाढताना हळूच म्हणाली, “ट्रेनिंगाक गेल्यात तां बराच केल्यात. सांगूक होयां होतां.”  तो म्हणाला, “मी त्या दिवशी निरोप घेतलंय काय येतंय म्हणान सांगलंय, तां माझा माका कळाक नाय, मीना.”

कप आला. वक्रात झेंडे लागले, मेट्रो गाणाऱ्या माणसांनी भरली. महिपती पांढरे बूट घालून यॉटवर उभा राहतो. यॉटवर कुणी मासे पकडत नाही. लोक ग्लास धरून स्वतःचे फोटो काढतात, आणि फोटोत पंजा कुणाचा लागत नाही. त्या दोन दोऱ्या कुबलांच्या दाराशी, चपलांच्या रॅकवर आहेत. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, “भाऊजी, सुट्टीच्या दिवशी श्यामरावांना घेऊन जा की बीचवर, दोऱ्या गंजतील.” तो हसला. “नायलॉन गंजत नाय, वहिनी.” मी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि माझ्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही.

बदललंय ते एवढंच. रोज सकाळी पलीकडचं दार उघडतं, आणि पूर्वी जिथे ‘येतंय हां’ ऐकू यायचं तिथे आता महिपती म्हणतो, “जातंय.” पहिल्या दिवशी मीना स्वयंपाकघरातून धावत आली होती. “असा म्हणा नकात. वंगाळ असता तां.” तो म्हणाला, “खरा असता तां.” चार-पाच दिवस भांडण चाललं. मग तिनं नाद सोडला.

आता तो ‘जातंय’ म्हणतो. दार लागायच्या आत ती घाईघाईनं म्हणून घेते, “येवा.”