साडेसहा लाखांत एकदा

केलगेरीच्या सुधींद्र सरांपुढे नशीब हा शब्द काढायची सोय नव्हती. धारवाडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. विद्यार्थी सुटले, शेजारी सापडले. लॉटरी घेणाऱ्याला ते तिथल्या तिथे मूर्ख ठरवत. पत्रिका जुळवणाऱ्याला आधी चहा पाजत, मग ठरवत.

दर रविवारी ते पत्नीला, भार्गवीबाईंना, घेऊन हुबळीला देशपांडे नगरात मेहुण्याकडे जात. मेहुणे मुकुंदराव पेशाने वकील. त्यांचा मुलगा अनिश बेंगळुरूच्या नोकरीतून सुट्टीवर आला, की पाच पत्त्यांचा पोकर रंगे. पैसे नाहीत, चिंचोके लावायचे. खेळ मात्र सरांमुळे पुढे सरकत नसे. कुणी पत्ता उचलला, की सर डोळे मिटून शक्यता काढत आणि ती सगळ्यांना ऐकवत. एकाच रंगाचे दहापासून एक्क्यापर्यंतचे पाच पत्ते, म्हणजे पोकरमधला सगळ्यांत मोठा हात, येणं साडेसहा लाखांत एकदा, हे तर त्या घरातल्या स्वयंपाकीणबाईंनाही पाठ झालं होतं. एवढं गणित करून सर हरत. हरल्यावर, आपण योग्य तेच खेळलो, हे समजावून सांगत.

त्या रविवारी सरांनी नेहमीप्रमाणे पत्ते स्वतः पिसले, कारण इतरांचं पिसणं त्यांना अशास्त्रीय वाटे. अनिशनं वाटले. सरांनी आपले पाच उचलून पंख्यासारखे उघडले. इस्पिकचा दहिला, गुलाम, राणी, राजा, एक्का.

मागे बसलेल्या भार्गवीबाईंनी ते पाहिलं. या जन्मात पुन्हा न येणारा हात नवऱ्याच्या मुठीत होता. आता सरांनी फक्त गप्प बसायचं होतं. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांना तेवढंच जमलेलं नव्हतं.

सरांनी पत्ते टेबलावर उताणे टाकले. असा हात आपोआप येण्यापेक्षा कुणी तरी तो लावून देण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, असं त्यांनी शांतपणे मांडलं. मग चष्मा पुसून अनिशकडे पाहिलं.

"तू वाटलेस ना?"

अनिशचा चेहरा उतरला. आत्याच्या यजमानांची चेष्टा करायची त्याची छाती नव्हती, आणि असती तर त्यांना जिंकवायला त्यानं ती कशाला केली असती, हे सरांच्या गणितात आलंच नाही.

मुकुंदराव म्हणाले, "सुधींद्रराव, पत्ते तुम्हीच पिसलेत."

"म्हणूनच सांगतो. मी पिसल्यावर असं निघणं शक्य नाही."

वकिलांनी उभ्या आयुष्यात असा अशील पाहिला नव्हता. "साकु," पुरे झालं, एवढ्या अर्थाचा एकच कानडी शब्द बोलून त्यांनी पत्ते गोळा केले आणि डाव रद्द केला. पुढच्या वाटपात सरांकडे काहीच आलं नाही. तो हात मात्र सरांना खरा वाटला.

अनिश जेवायला बाहेर आला नाही.

परतीच्या बसमध्ये धारवाडच्या अलीकडचं नवलूर आलं. भार्गवीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आलेला हात आधी घ्यायचा असतो. शंका मागनं घेता येते. आणि पोराची माफी मागा."

माफी मागायची तर हात खरा होता, हे मानणं आलं. सरांनी त्यापेक्षा प्रयोग मांडला. रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर ते पत्ते पिसतात, स्वतःलाच पाच वाटतात आणि तो हात येत नाही हे पाहून समाधानानं मान डोलावतात. तो जितका येत नाही, तितके आपण बरोबर, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. येणारेजाणारे कमी झालेत; त्याची शक्यता त्यांनी अजून काढलेली नाही.

देशपांडे नगरात हल्ली भार्गवीबाई एकट्याच जातात आणि सरांच्या खुर्चीत बसून खेळतात. अनिश सुट्टीला आला, की आत्याला मुद्दाम आग्रहानं वाटतो. त्या कधी जिंकतात, कधी हरतात, आणि अंधार पडायच्या आत डाव आटोपून सगळ्यांबरोबर गरम गरम मिरची भजी खातात.