बेबीमावशींची जीभ

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, सकाळची वेळ. स्थळ: बँकॉक, आमच्या हॉटेलमागची गल्ली. हजर: मी, बेबीमावशी, त्यांची सून रंजना आणि कुलकर्णी पतिपत्नी. बाकीची मंडळी हॉटेलात कांदेपोहे खात होती, कारण आमच्या इमारतीच्या सहलीबरोबर आपला मराठी स्वयंपाकी होता. मावशी मात्र बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून तळलेले नाकतोडे खात होत्या. एकेक तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे, सावकाश चावायचा आणि निकाल द्यायचा.

"भिंत हाय."

म्हणजे चव नाही. कुलकर्णी मोबाइलवर त्यांचं चित्रीकरण करत होते. मावशींनी नाकतोड्यांचा द्रोण त्यांच्यापुढे धरला. "नुसता फोटू काय काढतंस? खा की." कुलकर्णींनी मोबाइल खिशात ठेवला.

ठाण्याजवळ दिवा गावात आमची इमारत उभी आहे ती जागा मावशींच्या सासऱ्यांची भातशेती होती. मावशी पहिल्या मजल्यावर राहायच्या, आणि इमारतीची सेक्रेटरी मी. पाण्याच्या टँकरसाठी बायकांना क्रमांक मी द्यायचे. ते पाळले जायचे, कारण मावशी जिन्याशी खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. त्यांचा खरा मान मात्र मसाल्याचा. दर चैत्रात इमारतीतल्या सगळ्यांच्या मिरच्या एकदम डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, जायच्या. कुटून झालं की मावशी चिमूटभर मसाला जिभेवर ठेवायच्या. "धने कमी भाजलेत," म्हणाल्या की नव्याने धने भाजून आणायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय एकही डबा घरी जात नसे.

मग त्यांच्या गळ्याशी गाठ निघाली. कॅन्सरचे लाइट, म्हणजे रेडिएशन, घेतले, गाठ गेली, आणि जाताना चव घेऊन गेली. त्या चैत्रात मावशी डंकावर आल्या, चिमूट जिभेवर ठेवली, परत एक चिमूट ठेवली. मग रंजनाला म्हणाल्या, "तूच बघ." रंजना मागे सरली. सासूच्या हयातीत त्या चिमटीला हात लावायचं धैर्य तिला झालं नाही. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी पाकिटातला मसाला वापरला. चव परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

मी सहलीची नावं घेत होते तेव्हा मावशी स्वतः दार वाजवून आल्या.

"बाय, माझा नाव टाक."

"मावशी, तुम्हाला अजून मऊ भातच चालतो. तिकडे जाऊन काय खाणार?"

"सगला खानार. घरचा खाल्ला का मना समजत नाय, जीब बोलतंय का डोका बोलतंय. चिंबोरीची चव डोक्याला पाठ हाय ना. जो कवाच खाल्ला नाय, तो खाल्ला तर डोका गप बसंल. मग जीब हाय का मेली, ता कलंल."

त्यांनी स्वतःची तपासणी स्वतःच ठरवली होती, आणि ती मला कुठल्याही दवाखान्यातल्या तपासणीपेक्षा पक्की वाटली. मी त्यांचं नाव पहिलं लिहिलं.

तिथे त्यांनी बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात खाल्ला. भिंत. निखाऱ्यावर भाजलेला माकुल, म्हणजे स्क्विड. रबर. रेशमाच्या अळ्या खाल्ल्या तेव्हा कुलकर्णीवहिनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मी सोबत औषधांची पिशवी बाळगून होते; ती उघडावी लागली ती फक्त वहिनींसाठी. मावशी दर वेळी त्याच उमेदीने डोळे मिटायच्या. रंजना मात्र आता निकालाच्या वेळी दुसरीकडे बघायची.

त्या शनिवारी नाकतोड्यांचा द्रोण संपवून मावशी शेजारच्या गाडीकडे वळल्या. तिथली बाई मातीच्या उखळीत कोशिंबिरीसाठी कच्च्या पपईचा कीस कांडत होती. रंजनाने लाल मिरचीकडे बोट दाखवून हात जोरात हलवला. बाईने मिरची बाजूला सारली, आणखी दोनचार गोष्टी उखळीत टाकून कांडल्या आणि बशी पुढे केली. मावशी तोवर मागे वळून नाकतोडेवाल्याला पैसे मोजून देत होत्या. उखळीत काय काय पडलं ते त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि आम्हीही नीट नाही.

त्यांनी घास घेतला. डोळे मिटले.

"आंबट," त्या म्हणाल्या.

रंजनाने माझा दंड धरला. मावशींनी दुसरा घास घेतला आणि या वेळी चावता चावता थांबल्या.

"यात मुठा हाय."

मुठा म्हणजे भातशेतीतला छोटा खेकडा. आमच्या इमारतीच्या जागी शेत होतं तेव्हा बांधाच्या बिळातून मावशी ते हाताने काढायच्या. मी मोबाइलमध्ये पदार्थाची माहिती वाचून दाखवली: पपई, टोमॅटो, शेंगदाणे. "खेकडा नाही यात, मावशी."

"तुज्या मोबाइलला जीब हाय का?"

त्यांनी बाईला हाताचे पंजे वाकवून खेकडा चालून दाखवला. बाई हसली. तिने गाडीखालून एक बरणी काढून झाकण उघडलं. आत मिठाच्या पाण्यात बोटाएवढे काळे खेकडे होते.

कुलकर्णींनी मोबाइल काढलासुद्धा नाही. दिव्यात माती टाकून बुजवलेलं शेत मावशींच्या जिभेवर इतकी वर्षं शाबूत होतं, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत वर आलं होतं. मावशींनी पदराने डोळे पुसले, बशी रंजनापुढे केली आणि म्हणाल्या, "खा. आपल्या शेतातला हाय."

उठताना त्यांनी कोशिंबीरवाल्या बाईचा हात हातात घेतला. "मुठ्यावर नुसता लिंबू पिलतंस, बाय. तुना मसाला देतंय मी." बाईला एक अक्षर कळलं नसणार, पण तिने मान हलवली.

चैत्रात मावशी डंकावर आल्या. चिमूट जिभेवर ठेवली आणि धने परत पाठवले. आम्हा सगळ्यांना तेव्हा पुन्हा धने भाजताना विलक्षण आनंद झाला. मसाला उतरल्यावर पहिली बरणी त्यांनी माझ्या हातात दिली. "बँकॉकची. तू परत जाशील तवा."

पुढच्या पावसाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. डंकावर आता चिमूट रंजना घेते. पहिल्या वर्षी तिने कोणाचंच काही परत पाठवलं नाही. यंदा तिने माझ्या मिरच्या परत पाठवल्या. त्या बरणीतला मसाला जुना झाला की रंजना ती रिकामी करून नव्याने भरून देते. मी झाकणावर कागद चिकटवला आहे: बँकॉक, हॉटेलमागची गल्ली, कोशिंबीरवाली बाई. पोचवायची राहिली आहे.