चुकीची डिस्क

स्वारगेटजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी तेव्हा कॉम्प्युटर सांभाळायचे. वय सव्वीस. या विषयातलं कळणारी तिथे मी एकटीच, त्यामुळे मी करते ते बरोबर की चूक, हे विचारणारं कुणी नव्हतं. पेशंटच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढले जायचे आणि ते सगळे जिन्याखालच्या खोलीतल्या एका पेटीत साठायचे. पेटीत चार हार्ड डिस्क. त्यातली एक गेली तर उरलेल्या तिन्हींवरून तिची माहिती पुन्हा तयार होते, अशी ती सोय. पण तेवढ्यात दुसरी गेली, तर सगळंच गेलं.

एका सोमवारी सकाळी स्क्रीनवर सूचना आली, डिस्क नंबर दोन नादुरुस्त. नवी डिस्क कपाटात होतीच. ओपीडी सुरू व्हायच्या आत बदलून टाकू म्हणून मी घाईने खाली गेले. कुठली डिस्क बिघडली ते दाखवणारे पेटीवरचे दिवे केव्हाच बंद पडले होते, म्हणून मीच कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, एक ते चार. मी ‘दोन’ लिहिलेल्या डिस्कचा खटका दाबला आणि ती बाहेर ओढली.

पेटी कर्कश वाजायला लागली. मिनिटभरात वरून फोन, "फोटो दिसत नाहीयेत."

तेव्हा लख्ख उमगलं. मशीन शून्यापासून मोजतं. त्याची दोन म्हणजे माझ्या पट्टीवरची तीन. बिघडलेली डिस्क आतच होती आणि चांगली मी हातात घेऊन उभी होते.

दर शनिवारी मी सगळ्या फोटोंची प्रत टेपवर काढायचे. ती टेप लावली. रिकामी. आधीच्या शनिवारची लावली, तीही रिकामी. ‘काम पूर्ण’ असा संदेश यायचा आणि मी वहीत सही करायचे. टेप परत वाचून पाहावी असं मला कधी सुचलंच नव्हतं.

ज्यांच्याकडे मी हे काम शिकले ते सर कात्रजला राहायचे. त्यांना फोन केला.

"पेटी बंद केलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चला, एक तरी शहाणपण केलंस. आता कशालाही हात लावू नकोस. हात मागे बांधून उभी राहा. मी बसने येतो."

उभं राहणं मला जमेना. मी जिना चढायचे, उतरायचे, खोलीचं कुलूप उघडायचे, पेटीकडे बघून परत लावायचे. वर डॉक्टर मॅडम दर थोड्या वेळाने विचारत होत्या आणि मी "पाच मिनिटं, मॅडम" म्हणत होते. तिसऱ्यांदा तेच म्हणाले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"शनिवारी होते, आज नाहीत. फोटो चालत गेले का कुठे?"

समोरच्या खुर्चीत धायरीचे एक आजोबा बसले होते, मागे त्यांची सून. आजोबांच्या डाव्या डोळ्यात डाग होता. तो वाढलाय की नाही, हे मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून ठरवायचं होतं. सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी पहाटंपासनं उपाशी हायेत. डॉक्टर काय म्हनत्यात त्यावर पुढचं."

माझ्याच्याने आणखी खोटं बोलवेना. मी तिथेच, त्या दोघांसमोर सांगितलं, "मॅडम, मी चुकीची डिस्क काढली. फोटो परत येतील की नाही, मला माहीत नाही. टेपही रिकाम्या आहेत."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पेन बंद केलं आणि म्हणाल्या, "मग इथे का उभ्या आहात?"

सर आले ते घाम पुसतच. काढलेली डिस्क त्यांनी नीट पाहिली, तिच्या जागी परत सरकवली आणि पेटीला ती पुन्हा आपली म्हणून स्वीकारायला लावली. आवाज थांबला. फोटोंची यादी स्क्रीनवर आली तशी मी नवी डिस्क उचलली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"आधी सगळं दुसरीकडे उतरवून घे. मग दुरुस्ती."

उतरवायला संध्याकाळ झाली. आकडा एक एक टक्क्याने सरकत होता आणि मध्येच अडून बसायचा. मी काढलेली डिस्कही काही ठिकाणी खराब निघाली. ती आधीपासूनच तशी होती, सर म्हणाले, पण वेळेवर तपासली असती तर कळलं असतं. सव्वीस जणांचे फोटो वाचताच आले नाहीत. त्यात धायरीचे आजोबा होते.

ते दुपारीच घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्या सव्वीस जणांना मलाच फोन करायला लावले. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "हरवल्याचं कळवायलाही फोन येतो, हे पुण्यात प्रथमच पाहिलं." आजोबा एवढंच म्हणाले, "मग नवा काढा की. डोळा तर हाय अजून."

नवा फोटो काढला. ताडून पाहायला जुना नव्हता, म्हणून मॅडमनी त्यांना महिन्याने परत बोलावलं. त्या महिन्यात डाग वाढलेला दिसला आणि लगेच उपचार सुरू झाले. डोळा वाचला, पण त्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचणं त्यांना पुढे जमलं नाही.

मी मॅडमना एकदा विचारलं, "जुना फोटो असता, तर महिनाभर आधी कळलं असतं का?"

"सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतर मी आणखी चार वर्षं तिथे होते. दर शनिवारी टेपवरून काही फोटो परत उतरवून, उघडून बघायचे. ते नीट दिसायचे. तरीही रविवारी घरी असले की जेवता जेवता उठून दवाखान्यात फोन लावायचे आणि वॉचमनना विचारायचे, "काका, जिन्याखाली काही वाजत नाहीये ना?"