बाबांची हजार झाडं

मध्य प्रदेशातलं आमचं मोहगाव ते सौसर अर्ध्या तासाची वाट आहे, असं बसवाला सांगेल. त्याच्यावर भरोसा ठेवू नका. मी ती वाट रडत कापली आहे आणि गावची वेस ओलांडेपर्यंतच निम्मी म्हातारी झाले होते. नववीला मिशनच्या शाळेत, होस्टेलला निघाले होते. बाबांनी पेटी टपावर चढवली. आई खिडकीखाली उभी राहून एकच सांगत होती, "शालू, मोठ्या घरच्या पोरी राह्यतीन तिथं. दबून नोको राहू."

तुम्ही जे गावातच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे उडत कुठल्या कुठे येऊन पडलात, दोघांनाही सांगते: आईचा तो हुकूम मी जरुरीपेक्षा जास्तच पाळला.

इथे इंग्लंडात, लीड्सला ऑक्टोबर म्हणजे हीटिंग सुरू, आणि नर्सची लाँग शिफ्ट संपवून वॉर्डातून बाहेर यावं तर बाहेर अंधार. तिकडे ऐंशीच्या दशकातल्या माझ्या ऑक्टोबरात कापूस फुटायचा, संत्र्यावर रंग चढायचा आणि शाळेत जपमाळेचा महिना लागायचा. संध्याकाळी पन्नास पोरी गुडघे टेकून 'प्रणाम मरिया' म्हणायच्या. मी बौद्धाघरची, मनात अर्धी मरिया, अर्धं त्रिशरण. दोन्हीकडून तक्रार आली नाही. वॉर्डन होत्या केरळच्या सिस्टर रोझलिन. त्यांनी शिट्टी मारली की पांढुर्ण्याच्या स्टेशनात मालगाडी थांबायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर संध्या. पांढुर्ण्याच्या कापूस व्यापाऱ्याची पोर. तिच्या बापाच्या जिनिंग कारखान्याच्या गोष्टी ऐकून ऐकून एक दिवस माझ्या तोंडून निघालं, "आमची संत्र्याची बाग हाय. हजार झाडं." खरं म्हणजे बाग देवरावजींची, झाडं दोनशे, आणि बाबा तिथे रोजानं कामाला. पण झाडं एकदा लावली की वाढतात. महिन्याभरात माझ्या बागेत मोर नाचू लागले होते आणि संत्री थेट दिल्लीला जाऊ लागली होती.

मग भेटीचा रविवार आला. बाबा फाटकातून आत आले. अनवाणी, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात संत्र्यांची पिशवी. संध्यानं विचारलं, "कोण व्हय वं?"

मी म्हटलं, "आमच्या बागेतला माणूस."

बाबा तीन पावलांवर होते. ते थांबले. पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, "बाईसाहेब, मालकानं संत्रे धाडले." आणि वळून गेले.

एवढ्या प्रसंगात मी काहीएक वाढवलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी बाबा आले नाहीत. त्याच्यानंतरच्याही नाही. दसऱ्याची सुट्टी लागली तेव्हा मी अभ्यासाचं निमित्त काढून होस्टेललाच राहिले. कोणत्या तोंडानं घरी जाणार होते? आपला बाप आपण गमावला, असं मला पक्कं वाटत होतं, आणि रिकाम्या खाटांमध्ये ते मी कोणाला सांगूही शकत नव्हते.

दसऱ्यानंतर सिस्टरनी जाहीर केलं, यंदाची सहल शालिनीच्या बागेत. बाबांना त्यांनी हिंदीत पोस्टकार्ड टाकलं. बाबांना वाचता येत नव्हतं. गावात कोणाचंही कार्ड आलं की ते देवरावजींकडे नेऊन वाचून घ्यायची रीत होती. तेव्हा 'आपके हज़ार पेड़ों के बगीचे में' हे खुद्द बागेच्या मालकानं, बागेच्या मजुराला, मोठ्यानं वाचून दाखवलं. आई सांगते, देवरावजी बाजेवरून पडता पडता राहिले. म्हणाले, "दोनशे तं हे माझे झाले. बाकीचे आठशे कुठं लावले, इचार पोरीले. पाणी मी देतो."

सहलीच्या दिवशी मला ताप आणायचा होता. कांदा काखेत धरूनही आला नाही. पन्नास पोरी बागेत शिरल्या. देवरावजी बाजेवर बसले होते, बाबा धुतलेला सदरा घालून उभे. ते सगळ्यांसमोर सरळ म्हणाले, "बाग या मालकाची हाय. मी इथं रोजानं काम करतो. अन् शालू माझी पोरगी व्हय."

"मंग शालू खोटी बोलली," संध्या म्हणाली.

"खोटी नाई बोलली, बाई. मोजणी चुकली. लहानपणापासून गणितात कच्चीच हाय."

पोरी हसल्या. देवरावजी म्हणाले, "तूच दाखव बाग त्यायले. फक्त त्या कोपऱ्यातल्या ओळीले हात नोको लावू देजो, थो माल इकला हाय." मग बाबा झाडाझाडापाशी थांबत गेले. हे वीज पडून वाचलं, हे वर्षाआड रुसते, याचं फळ वरून हिरवं पण आतून साखर. संध्या सगळ्यात पुढे, प्रश्न विचारून विचारून त्यांना भंडावत होती. मी सगळ्यात मागे.

सिस्टर माझ्याबरोबर चालत हळूच म्हणाल्या, "एडमिशन का फॉर्म मैंने ही भरा था, शालिनी. पिताजी का काम मुझे मालूम है."

"फिर आए क्यों, सिस्टर?"

"तू दशहरे पर घर नहीं गई न." आणि पुढे, "दो दिन घर रह, मंगल को आ जाना."

पोरी बसकडे निघून गेल्या. मी तिथेच राहिले. माफीचं एक लांबलचक वाक्य मी रचून ठेवलं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी माझ्या हातात फावडं दिलं. "मोटर चालू हाय. चाल, दांड फोड." मी माती ओढून पाण्याला वाट करून द्यायची, आळं भरलं की बाबा म्हणायचे, "बस. फुढचं." ओळ संपेपर्यंत आम्ही दुसरं काही बोललो नाही. त्या रविवारबद्दल तर कधीच नाही, थेट बाबा वारले तोपर्यंत.

मागच्या ऑक्टोबरात माझी लेक मैत्रिणींना घेऊन घरी आली. माझं इंग्रजी ऐकून एक जण हसली, आणि लेक खिडकीबाहेर पाहू लागली. मैत्रिणी गेल्यावर ती किचनच्या दारात येऊन उभी राहिली. ओठ हलत होते, वाक्य जमत नव्हतं. मी टॉवेल तिच्या हातात दिला. "ये, भांडी पुसून दे."

ती आली. मी धूत गेले, ती पुसत गेली. पंचवीस वर्षं या शहराचं भाडं आणि टॅक्स भरला, पण लीड्सला माझं घर आहे असं मला पहिल्यांदा त्या ओल्या ओट्यापाशी वाटलं.