बाई अजून उतरलेली नाही

गेल्या सर्वपित्री अमावास्येला कोहक्यात, आमच्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर, एका वैमानिक बाईसाठी कावळ्याला घास ठेवण्यात आला. विमान चालवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी ती एक. शेजाऱ्यांच्या जन्माआधीच ती समुद्रावर विमानासकट नाहीशी झाली. शेजारी स्टील प्लांटमधले निवृत्त क्रेन ऑपरेटर; उंच केबिनमध्ये बसून खालच्या माणसाच्या इशाऱ्यावर क्रेन चालवायचे. तिचा तपास ते घरी बसून करतात आणि दूधवाल्यालाही विचारतात, “बाई वर होती, तं खालून इशारा कोण देऊन राह्यला होता?” ती ‘गेली’ असं ते म्हणत नाहीत. ‘अजून उतरली नाही’ म्हणतात.

घास काकूंनी, त्यांच्या पत्नीने, ठेवला होता. “जेवाच्या टेबलावर समुद्र पसरवून ठेवला हाये तुमी. आता कावळा शिवला तं बाई गेली समजाचं आन् नकाशा गुंडाळाचा. कबूल?”

“कबूल.”

साक्षीला मला बोलावलं होतं.

कावळा कठड्यावर आला की शेजारी फटकन छत्री उघडत. कावळा उडून जाई.

“हे काऊन?” काकूंनी विचारलं.

“ऊन लागून राह्यलं.”

आभाळ भरलेलं होतं. दुपारपर्यंत घास तसाच राहिला. नकाशा टेबलावरून हलला नाही. आम्ही तिघे जमिनीवर बसून जेवलो.