वहीत नसलेलं उत्तर

१९८७ च्या मार्चमध्ये, बी.एस्सी.च्या पूर्वपरीक्षेत, माझ्या वर्गातल्या दोडामार्गच्या मुलीवर अन्याय झाला. जनुकाचा निरोप पेशीत कसा पोचतो, असा दहा गुणांचा प्रश्न होता. सर वर्षभर एकच जुनी वही वाचून दाखवत. पेपरात आम्ही सगळ्यांनी तीच उतरवली. तिने पणजीच्या ग्रंथालयात वाचलेलं लिहिलं. निरोप्या आरएनएची पहिली प्रत लांबलचक असते. आरएनए आणि प्रथिनं मिळून झालेले बारीक कण तिच्यातले नको ते तुकडे कापतात, उरलेले जोडतात, आणि मगच निरोप केंद्रकाबाहेर पडतो. तिला शून्य मिळालं, मला दहापैकी नऊ.

ती उत्तरपत्रिका घेऊन सरांकडे गेली. "सर, यात चूक काय आहे?"

"चूक नसेलही. पण मी हे सांगितलं नव्हतं."

बाहेर येऊन ती मला म्हणाली, "तुका धातले नव, माका शून्य. आता तूच शिकय रे माका."

मी हसलो. सरांशी बोलायला मात्र गेलो नाही. याच गुणांवर कॉलेजातून शिष्यवृत्तीसाठी एकच नाव जाणार होतं, आणि ते माझं गेलं.

तुम्ही पेपर तपासत असाल, तर तुमच्या वहीत नसलेलं उत्तर आधी ग्रंथालयात जाऊन पडताळा. शून्य त्यानंतर द्या.